होनोलुलूच्या अंगणातील पहिला वाढदिवस

होनोलुलू शहराच्या पाठीशी जे हिरवे डोंगर उभे आहेत, त्यांच्या पायथ्याच्या एका जुन्या वस्तीत सोलापूरच्या एका कापडवाल्या जैन घराण्यातील धाकटी सून सहा वर्षांपासून राहते आहे. तिच्या यजमानांची शहरात सदरे आणि सुती कापड विकणारी लहानशी पेढी आहे. या बेटांवर भारतीय व्यापारी नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंधमधील वाटुमल बंधूंनी येथे दुकान घातले आणि पुढे फुलापानांच्या रंगीत 'अलोहा' सदऱ्यांच्या व्यापारात नाव मिळवले. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांपैकी हे एक कुटुंब. फार मोठे नव्हे, फार अडचणीतलेही नव्हे. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी मात्र दुकानाचे भाडे वाढले होते, पर्यटक कमी आले होते, आणि घरात एक वर्षाचे होऊ घातलेले मूल होते.

ते मूल सातव्या महिन्यात जन्मले होते. पहिले कित्येक आठवडे ते रुग्णालयाच्या काचेच्या पेटीत होते, आणि आई त्या पेटीशेजारच्या खुर्चीत. सोलापूरहून सासूबाईंना येता आले नाही. सासरे आजारी होते. अशा दिवसांत शेजारघरच्या एक वृद्ध हवाई बाई रोज दुपारी डब्यात भात, शिजवलेला भोपळा आणि पिकलेली पपई घेऊन येत. या बेटांवर वयाने वडील असलेल्या प्रत्येक स्त्रीला 'आंटी' म्हणण्याची रीत आहे. त्याप्रमाणे त्या सर्वांच्याच आंटी. मांस, मासे, अंडी चालत नाहीत हे त्यांना ठाऊक होते. कांदा-बटाटाही का चालत नाही, हे त्यांनी विचारले नाही. फक्त घालणे सोडले.

हवाईत मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे जवळजवळ लग्नाएवढा सोहळा असतो. त्यामागे एक दुःखाचा इतिहास आहे. परदेशी जहाजांबरोबर येथे असे आजार आले की ज्यांची या लोकांच्या रक्ताला ओळखच नव्हती. 1824 साली राजा दुसरा कामेहामेहा आणि त्याची राणी लंडनला गेले असता गोवरानेच दगावले. 1848 आणि 1849 या दोन वर्षांत गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लुएंझा यांच्या साथींनी बेटांवरील माणसे हजारोंनी नेली, आणि त्यांत तान्ही मुले किती गेली याला गणती नाही. ज्या मुलाने वर्ष काढले ते जगले, असे लोक मानू लागले. आणि वर्ष काढल्याचा आनंद साऱ्या गावाला जेवू घालून साजरा होऊ लागला. या जेवणाला 'लुआऊ' म्हणतात. काचेच्या पेटीत वाढलेल्या मुलाच्या आईला ही रीत परकी वाटली नाही, यात नवल ते काय?

परंतु चाळीस माणसांच्या लुआऊचा जो खर्च एका जेवणावळवाल्याने लिहून दिला, तो पाहून यजमानांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. घरखर्चातून अडीचशे डॉलर निघतील, त्यापेक्षा अधिक नाही, असे ते रात्री म्हणाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून दोन हजारांहून अधिक मैल दूर असलेल्या या बेटांवर बहुतेक धान्य, दूध आणि किराणा जहाजाने येतो. त्यामुळे साध्या वस्तूंचेही भाव चढे असतात. अडीचशे डॉलरमध्ये चाळीस पाने वाढणे म्हणजे सोपी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी आंटी स्वतःच कुंपणापाशी आल्या. त्यांनी सगळे ठरवून टाकले होते. त्यांचा मुलगा डुक्कर आणील. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत 'इमू' खणता येईल. इमू म्हणजे जमिनीतील भट्टी: खड्ड्यात किआवेची लाकडे पेटवून ज्वालामुखीचे दगड लाल होईपर्यंत तापवायचे, त्यांवर केळीचे चेचलेले खांब आणि टी नावाच्या झाडाची पाने अंथरायची, मध्ये प्राणी ठेवायचा आणि वरून माती लोटून रात्रभर सोडून द्यायचे. हे किआवेचे झाड सोलापूरच्या माळावरच्या वेड्या बाभळीची जवळची बहीण. पाहताच तिला माहेरचा माळ आठवत असे. "तुला एक पैसा खर्च नाही," आंटी म्हणाल्या. "तुम्ही खाऊ नका. पण पाहुणे खातील. मुलाने वर्ष काढले आहे!"

ती 'विचारते' एवढेच म्हणाली आणि घरात आली.

यजमानांना यात प्रश्नच दिसला नाही. पाहुणे त्यांचे, रीत त्यांची, खर्चही त्यांचा. आपण खात नाही एवढे पुरे आहे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय दुकानाची निम्मी गिऱ्हाइके आंटींच्या शब्दावर येत होती, हेही त्यांनी सांगितले, आणि ते खरेच होते. त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या बाईने सात आठवडे डबा पोहोचवला, तिची भेट नाकारायची कशी, ही त्यांची खरी अडचण होती. सूनबाईची अडचण निराळी होती. लहानपणी पाठशाळेत शिकलेले तीन शब्द तिच्या मनातून जात नव्हते: कृत, कारित, अनुमोदना. आपण मारले नाही, मारवले नाही. परंतु आपल्या अंगणात, आपल्या मुलाच्या नावाने, आपल्या होकाराने एक जीव जाणार, हे काय अनुमोदनाच नव्हे? त्या रात्री दोघांचे बोलणे वाढले आणि मग दोन दिवस बंद झाले.

तिसऱ्या दिवशी यजमानांनी तोडगा काढला. कच्चा फणस उकडून, त्याचे तंतू सोडवून, धुराचा वास देऊन अगदी डुकराच्या मांसासारखा पदार्थ करता येतो; तेथील शाकाहारी मंडळी तो आवडीने करतात. आंटींना सांगू की हेच आमचे डुक्कर. सूनबाईने सोलापूरला सासूबाईंना विचारले. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी यशोधर राजाची आठवण दिली. आईच्या आग्रहाखातर त्या राजाने खरा नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला. आणि तरी त्याला आणि त्याच्या आईला कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावे लागले, ही कथा सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलकचंपू'पासून घराघरांत सांगितली जाते.

"फणस कर की," सासूबाई म्हणाल्या, "पण फणस म्हणून कर. डुक्कर म्हणून वाढायचं असेल तर नको. आणि हे बघ, पाहुण्याला उपाशी पाठवू नकोस, आणि लेकराच्या नावावर जीव चढवू नकोस. मधलं तुझं तू बघ."

हे मधले पाहणे सोपे नसते. धर्माचे नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजाऱ्याला नाही म्हणण्याची भाषा कोणी शिकवीत नाही. सूनबाईने पपईच्या फोडी घेतल्या आणि ती आंटींच्या ओसरीवर गेली. तिने आडवळण घेतले नाही. मुलगा पेटीत असताना आपण रोज एकच प्रार्थना करीत होतो, हा जीव राहू दे. आता तो राहिला म्हणून दुसरा एक जीव घ्यावा, हे मनाला सोसत नाही, असे तिने सांगितले. आंटी बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "हे तुमचे कपू आहे का?"

कपू म्हणजे निषेध. जुन्या हवाईत स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचे नाही. डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायची नाहीत, असे कपू होते, आणि ते मोडणाऱ्याला देहदंड होई. 1819 साली तरुण राजाने राणीवशातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या पंगतीत बसून सर्वांसमक्ष भोजन केले आणि ती व्यवस्था एका जेवणाने मोडली. आंटींच्या दृष्टीने कपू हा शब्द फारसा प्रेमाचा नव्हता. सूनबाईने उत्तर दिले, "नाही आंटी. यात शिक्षा करणारा राजा नाही. मी आज मोडले तर कोणी विचारणारही नाही." आंटींनी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची, हे तिला कळले नाही. डुकराचा विषय मात्र त्या दिवशी संपला. आंटी दुखावल्या असाव्यात. पुढचे चार दिवस त्या कुंपणापाशी आल्या नाहीत.

तयारी तरीही करावीच लागली. कार्तिकी पौर्णिमा बुधवारी होती. अष्टान्हिका आणि चातुर्मास संपवून शनिवारची तृतीया तिने ठरवली, म्हणजे पालेभाजीची अडचण राहिली नाही. आणि पालेभाजीवाचून लुआऊ होतच नाही. कारण लुआऊ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी अळूचे पान! नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या भाजीवरून सगळ्या मेजवानीला ते नाव पडले. सोलापूरची सून हे प्रथम समजले तेव्हा एकटीच हसली होती. लोक हवाई म्हटले की अननस डोळ्यांपुढे आणतात. वास्तविक अननस दक्षिण अमेरिकेचा. जेम्स डोल या गृहस्थाने 1901 साली ओआहू बेटावर त्याची कंपनी काढली म्हणून तो हवाईचा झाला. अननसाचे तुकडे घातलेला 'हवाईयन' पिझ्झा तर 1962 साली कॅनडात जन्मला. या मातीचे खरे अन्न म्हणजे अळू, निरफणस, केळी, नारळ. म्हणजे आपल्या कोकणचेच म्हणा ना.

अळूच्या मुळाला, म्हणजे कंदाला, येथे 'कालो' म्हणतात. त्याला उकडून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून जे दाट मिश्रण करतात ती 'पोई'. ती हवाई माणसाची भाकरी आहे, तान्ह्या बाळाचे पहिले अन्नही तीच. त्यांच्या पुराणात कालो हा मानवाचा थोरला भाऊ मानला आहे, आणि कुटुंबासाठी त्यांचा जो 'ओहाना' शब्द आहे, तो कालोच्या कोंबावरूनच आला आहे. जैन घरात मात्र कंद चालत नाही. पान चालते, मूळ चालत नाही. त्यामुळे एकाच रोपाचा वरचा अर्धा भाग पंगतीत आणि खालचा अर्धा बाहेर, अशी स्थिती झाली.

पाहुण्यांनी काहीतरी घेऊन येण्याची या बेटांवर रीत आहे. रिकाम्या हाताने कोणी येत नाही. ते पदार्थ सामिष असणार हे उघड होते. म्हणून निमंत्रणातच तिने लिहिले की कृपया आपल्या परसातील फळांखेरीज काही आणू नये. यात खर्चाचाही मोठा भार हलका झाला, कारण येथे जवळजवळ प्रत्येक परसात पपई, केळी, पेरू, कृष्णफळ यांपैकी काहीतरी असते आणि हंगामात ते वाटून संपवावे लागते. ताटांचा खर्चही वाचला. वस्तीतील एका गृहस्थांची केळीची बाग होती. त्यांनी चाळीस पाने दिली.

स्वस्तात मोठी पंगत करायची तर भात, एक पातळ भाजी, एक गार पदार्थ, एक भाजलेला पदार्थ आणि एक गोड, यांपलीकडे जाऊ नये, हा तिच्या सासूबाईंचा हिशेब तिने येथेही धरला. हवाईच्या रोजच्या जेवणात भाताचे दोन गोळे आणि मॅकरोनीचे सॅलड असते. ऊसमळ्यांवर जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजूर एकत्र आले आणि त्यांच्या डब्यांतून हे जेवण घडत गेले. तांदूळ मोठ्या गोणीत घेतला की स्वस्त पडतो, मॅकरोनी त्याहून स्वस्त. मात्र त्या सॅलडमध्ये अंड्याचे मेयोनेज, किसलेले गाजर आणि कांदा असतो. मेयोनेजऐवजी तिने घरी लावलेल्या दह्याचा चक्का घेतला, थोड्या दुधाने सैल केला, त्यात मिरपूड, मीठ, साखरेची चिमूट आणि मोहरीची पूड घातली. गाजराच्या रंगासाठी अर्धी पिकलेली पपई किसून पाहिली. आणि येथे ती फसली. दोन तासांत सगळे भांडे कडू झाले. पपईतील पाचक रस दुधातील प्रथिने मोडतो आणि कडूपणा येतो. ताज्या अननसाचेही तसेच आहे. ज्या भगिनी दह्यात किंवा श्रीखंडात ही फळे घालू इच्छितात, त्यांनी ती आधी शिजवून घ्यावीत. सुदैवाने ही चूक चाचणीच्या लहान भांड्यात झाली. पंगतीच्या सॅलडमध्ये तांबडी सिमला मिरची आणि काकडी गेली.

'लाँग राइस' नावाच्या पारदर्शक शेवयाही तेथे लुआऊत असतात. नावात तांदूळ आहे, पण त्या मुगाच्या सत्त्वाच्या असतात. चक्क्याचे सॅलड त्याच पानावर असल्याने द्विदलाचा दोष आला असता, त्या वगळल्या. पैसेही वाचले.

भाजलेला पदार्थ म्हणून तेथे 'हुली-हुली' कोंबडी प्रसिद्ध आहे. हुली म्हणजे उलटणे. निखाऱ्यांवर उलटून उलटून भाजतात. तिने कच्च्या केळ्यांचे वाफवलेले जाड तुकडे, अननस आणि सिमला मिरची काड्यांना टोचली, आणि वरून लावायला अननसाचा रस, गूळ, चिंचेचा कोळ, टोमॅटो, मिरपूड आणि सुंठ आटवून घेतली. मूळ कृतीत आले असते; सुंठीने ते काम अधिक चांगले केले असे तिचे मत पडले. पनीर महाग पडते म्हणून घेतले नाही, आणि पनीराची उणीव कोणाला भासलीही नाही.

गोडासाठी 'हाउपिया'. नारळाच्या दुधाची ही वडी पूर्वी 'पिया' नावाच्या कंदाच्या सत्त्वाने घट्ट करीत. नावातच तो कंद आहे. हल्ली मात्र सर्वत्र मक्याचे सत्त्व, म्हणजे कॉर्नफ्लोअर, वापरतात, आणि त्यामुळे हा पदार्थ जैन पंगतीत निःशंकपणे येतो. चारशे मिलिलिटरच्या नारळाच्या दुधाच्या एका डब्याला त्याच डब्याने पाऊण डबा पाणी, अर्धी वाटी साखर आणि अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात आधी कालवावे, मग बारीक आचेवर न थांबता ढवळावे. चकाकी येऊन डाव जड झाला की ताटात ओतावे. आणखी दोन मिनिटे तग धरावी, नाहीतर पिठूळ चव राहते. गार झाल्यावर चौकोनी तुकडे पडतात. तीन ताटांत साठ तुकडे झाले. गोड पदार्थांत याहून स्वस्त काही तिला सापडले नाही.

अळूची भाजी आदल्या रात्री निवडून ठेवली आणि शनिवारी सकाळी शिजवली. हवाई बायका ही पाने तास-तासभर शिजवतात, म्हणजे घसा खाजत नाही; आपण चिंच घालतो. तिने दोन्ही केले. नारळाचे दूध अगदी शेवटी घातले, आणि ते फुटू नये म्हणून नंतर उकळी येऊ दिली नाही. कच्च्या फणसाचीही भाजी झाली. मिरे आणि खोबरे घातलेली, फणस या नावानेच.

पंगत तीन वाजता ठेवली होती. नोव्हेंबरअखेर होनोलुलूत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी सर्व आवरायचे होते. सजावटीसाठी झाडाखाली पडलेली चाफ्याची फुले यजमानांनी वेचून आणली. दोघांचे बोलणे त्या सकाळीच पुन्हा सुरू झाले होते, तेही "अहो, ती परात द्या" एवढ्यावरून.

पाहुणे आले. पपया, केळी, पेरू यांनी ओसरीचा कोपरा भरून गेला. आंटी आल्या नाहीत. साडेतीन वाजले, पहिली पंगत बसली. एका तरुण पाहुण्याने "डुक्कर कुठे आहे?" असे हसत विचारले आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारले. सूनबाई वाढत होती, परंतु तिचे लक्ष कुंपणाकडे होते. चार वाजता सोलापूरला सकाळचे साडेसात होत होते. देवदर्शन आटोपून सासूबाई फोनच्या पडद्यावर येऊन बसल्या.

तेव्हाच आंटी आल्या. हातांत लाकडाचा जुना, काळसर, गुळगुळीत वाडगा होता, वर टीच्या पानाचे झाकण. त्यांनी तो मुलापुढे ठेवला आणि पान काढले. आत पोई होती. वाडग्याचे तोंड उघडे असेपर्यंत घरात कोणी भांडायचे नाही, अशी पोईची जुनी मर्यादा आहे, आणि ती तेथे जमलेल्या सर्वांना ठाऊक होती. अंगण शांत झाले. यजमानांनी बायकोकडे पाहिले. नाही म्हणायचे ते एकदा म्हणून झाले होते. ज्या बाईला तिच्या डुकरासाठी नकार दिला, तिला आता तिच्या थोरल्या भावासाठीही नकार द्यायचा काय? सूनबाईने तोंड उघडले, पण शब्द सुचेनात.

"हे जमिनीखालचे नाही," आंटी म्हणाल्या.

पोईचा रंग नेहमीचा जांभळट राखाडी नव्हता. फिकट पिवळा होता. ती 'उलू'ची पोई होती. उलू म्हणजे निरफणस. कालोचे पीक कमी पडे तेव्हा जुने लोक निरफणस उकडून त्याची पोई करीत; आंटींच्या आजीच्या हातची त्यांनी लहानपणी खाल्ली होती, स्वतः कधी केली नव्हती. हंगाम संपत आला होता. परसातल्या झाडावर शेवटची चार-पाच फळे राहिली होती आणि ती पुरेशी मऊ होण्याची त्या चार दिवस वाट पाहत होत्या. सूनबाई आयुष्यात कांदा-बटाटा का खात नाही, हे त्यांनी तिला न विचारता आपल्या नातीकडून शोधून घेतले होते.

फोनच्या पडद्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "कधी केलंय ते विचार."

पोई दोन-तीन दिवस ठेवून आंबवूनही खातात. त्यामुळे प्रश्न योग्यच होता. सूनबाईने भीत भीत विचारले. आंटींनी आपले दोन्ही तळवे दाखवले. बत्त्याने कुटून ते लाल झाले होते. आज सकाळी, त्या म्हणाल्या.

"आणि त्यात उंबरासारखे किडे तर नसतात ना?"

यजमानांनीच उत्तर दिले. हवाईच्या निरफणसात बीसुद्धा नसते, आतला गर भरीव असतो. त्या लाकडी वाडग्यात आजवर काय काय कालवले गेले असेल, हा तिसरा प्रश्नही सासूबाईंच्या ओठांवर आला असावा. त्यांनी आंटींच्या तळव्यांकडे पाहिले आणि तो विचारला नाही.

"भरव लेकराला," त्या म्हणाल्या. "आधी त्यांच्या हातानं."

आंटींनी दोन बोटे वाडग्यात बुडवली. मुलाने पहिला घास थुंकला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्यासाठी आंटींचे बोट धरले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हाउपियाची ताटे यजमानांनी वाटली.

सव्वापाच वाजता शेवटचे पान उचलले गेले. उरलेला भात दोन पाहुण्यांनी डब्यांत नेला, अळूची भाजी तर उरलीच नाही. रात्री यजमानांनी रोजमेळ लिहिला: तांदूळ, मॅकरोनी, दूध, नारळाचे दूध, साखर, कॉर्नफ्लोअर, अननस, केळी, भाज्या, कोळसा मिळून दोनशे तीन डॉलर. जमेच्या बाजूला त्यांनी 'निरफणस' असा एकच शब्द लिहिला आणि रकमेची जागा मोकळी ठेवली.

रविवारी दुपारी आंटींच्या भावाच्या घरून, दोन गल्ल्या पलीकडून, किआवेचा धूर आला. तेथे त्यांच्या नातलगांचा मेळा होता आणि इमू तेथे पेटली होती. सूनबाईने खिडकी लावून घेतली. आंटींशी ती याविषयी कधी बोलली नाही, आणि आंटीही बोलल्या नाहीत.

वाडगा मात्र तिच्याकडेच राहिला होता. भांडे रिकामे परत करू नये, असे तिला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे शिकवले होते. सोमवारी तिने शेंगदाणे भाजले, गूळ किसला आणि सोलापुरी शेंगापोळ्या लाटल्या. आठ पोळ्या त्या काळसर वाडग्यात नीट बसल्या. वर टीचे पान झाकून ती कुंपणापाशी गेली, तेव्हा आंटी झाडाखाली उभ्या राहून वर पाहत होत्या. अगदी शेंड्याला एक निरफणस राहिला होता, आणि तो काढायला कोणाला चढवावे याचा त्या विचार करीत होत्या.